मक्यामधली वाट

दार उघडेल म्हणून मुमताज उभी होती आणि दार काही उघडलं नाही. गाडी थांबल्याचं पायांना कळलं होतं. खिडकीबाहेर फलाट आला होता, माणसं उतरत होती, पोरांचे आवाज एकदम मोठे झाले होते. म्हणजे बाकीची दारं उघडली होती. तिच्या पुढ्यातलं हे एकच दार तोंड मिटून होतं. दाराच्या मध्यावर एक गोल बटण हिरवं चमकत होतं. दिवा असेल, आता उघडेल, असं म्हणत ती पर्स छातीशी धरून थांबली, पाहुण्याच्या घरी कडी वाजवून उभं राहावं तशी, अदबीनं. मग हिरवं विझलं, कुठंतरी बारीक शीळ झाली आणि फलाट मागं सरायला लागला. फलाटावर तिचा मुलगा फरदीन तिच्याकडं पाठ करून बॅगा मोजत होता. रुबीना, तिची सून, पाण्याची बाटली उघडत होती. पिवळ्या टोपीतल्या अम्माराला, नातीला, मात्र ती दिसली. सात वर्षांच्या त्या पोरीला वाटलं, दादी खेळ करतेय. तिनं हात उंच करून जोरजोरात हलवला. मुमताजनंही हात हलवला. दुसरं काय करणार? पिवळी टोपी बारीक होत गेली, मग सिमेंटची एक भिंत आली आणि मग दोन्ही बाजूंना मका.

डब्याच्या या टोकाला ती बाथरूमसाठी आली होती. उतरायची वेळ झाली तेव्हा मधल्या वाटेत पाळण्यांच्या मोठ्या पार्कला निघालेल्या कुटुंबांची एवढी दाटी झालेली की परत जागेवर जाणं शक्य नव्हतं. "अम्मी, जवळच्या दारानं उतर, खाली भेटू," असं फरदीन लांबून ओरडला होता. सरळ साधी गोष्ट. बटण दाबलं की दार उघडतं, हे तिला आता कळत होतं. कारण समोर, दाराच्या काचेवर, दाबणाऱ्या बोटाचं चित्र काढलेलं होतं. चित्र काढून ठेवलेलं होतं आणि तिला दिसलं नव्हतं. सत्तावीस वर्षं पोरांना चित्रांवरून वाचायला शिकवलेल्या बाईला. आता तिला भीती वाटली. गाडी पुढं निघून गेल्याची भीती नव्हती ती. गाडी काय, पुढच्या स्टेशनावर थांबेल. भीती दुसरीच होती: झालं का सुरू? फरदीन म्हणतो ते?

कारण परवाच रात्रीच्या जेवणाला, श्टुटगार्टच्या त्याच्या फ्लॅटमध्ये, फरदीननं विषय काढला होता. तळेगावच्या कारखान्यातून कंपनीनं त्याला इकडं पाठवून सहा वर्षं झाली होती. इंजिनियर माणूस, विषय काढतानासुद्धा त्यानं आधी आराखडा करून ठेवला होता. इथं खोली आहे, डॉक्टर आहे, अम्मारा आहे. वलवणचं घर भाड्यानं देऊ. "आता परत कशाला जायचं, अम्मी? मार्चमध्ये गॅस रात्रभर चालू राहिला. शेजारच्यांना वास आला म्हणून बरं." मुमताजनं पोळीचा तुकडा मोडला आणि "बघू" म्हणाली. बघू म्हणजे नाही, हे घरातल्या तिघांनाही कळायला हवं होतं. पण तिला स्वतःलाच ते नीट कळलं नव्हतं. गॅस राहिला होता हे खरं होतं. रियाज गेल्यावर तीन वर्षं एकटीनं काढली होती तिनं. वलवणच्या धरणावर फिटर असलेला, नळाची गळती आवाजावरून ओळखणारा तिचा नवरा असता, तर गॅस राहिला नसता. ते "बघू" तिच्या पोटात दोन दिवस न पचलेल्या घासासारखं बसलं होतं. आणि आज हे दार.

पुढचं स्टेशन चार मिनिटांत आलं. फलाट यायच्या आधीच तिनं बोट बटणावर ठेवलं होतं. हिरवं झालं, तिनं दाबलं, दार फुस्स करून बाजूला झालं. इतकं सोपं की तिला हसू आलं. मोठा श्वास घेऊन ती खाली उतरली. लहानसं स्टेशन, दोन फलाट, एक बाकडं, गुलाबांचं एक झुडूप आणि शांतता. तिच्याबरोबर फक्त एक बाई उतरली, तिच्याच वयाची, पांढरे केस कापलेली, हातात सायकल. मुमताज आधी वेळापत्रकाच्या फळ्यापाशी गेली. शब्द कळेनात, पण आकडे कुठंही आकडेच असतात. परतीची गाडी एकावन्न मिनिटांनी होती. आपण पहिल्यांदा आकडे वाचले, घाबरलो नाही, हे तिनं मनात टिपून ठेवलं. जणू कुणी परीक्षक मागं वही घेऊन उभा होता. फोन रुबीनाच्या पिशवीत चार्जिंगला लावलेला. पण फरदीनचा इथला नंबर तिला पाठ होता. पहिल्याच आठवड्यात पाढ्यासारखा घोकला होता तिनं. पांढऱ्या केसांची बाई सायकलवर टांग टाकणार इतक्यात मुमताज म्हणाली, "माय सन. फोन. प्लीज." बाईनं तिच्याकडं पाहिलं, पंजाबी ड्रेसकडं पाहिलं, डोक्यावरच्या ओढणीकडं पाहिलं आणि काही न विचारता फोन काढून दिला.

"फरदीन, मी बोलतेय."

"अम्मी! कुठं आहेस? कुणाचा फोन हा? बरी आहेस ना?"

"पुढच्या स्टेशनावर. बरी आहे. दार उघडायला बटण असतं, ते माहीत नव्हतं मला. आता कळलं."

"तिथंच बस. अजिबात हलू नको. मी पुढच्या गाडीनं येतो."

"पुढची गाडी आणखी तासाभरानं असणार, मग परत यायची त्यानंतर. पोरगी दोन महिने दिवस मोजतेय. तू दोघींना घेऊन आत जा. मी येते."

"कशी येणार?"

मुमताजनं रुळांपलीकडं पाहिलं. मक्याच्या पार, झाडांच्या वर, पार्कातल्या त्या प्रचंड पाळण्याची पोलादी कमान आभाळाला टेकलेली दिसत होती. अम्मारानं चित्रात शंभरदा दाखवली होती ती. एकावन्न मिनिटं बाकड्यावर बसून काढायची तिला इच्छा नव्हती. "चालत," ती म्हणाली.

फरदीन हळू, समजुतीच्या आवाजात म्हणाला, "अम्मी, हे वलवण नाहीये."

"माहीत आहे. वलवणला चढ आहे. इथं सगळं सपाट आहे."

"अम्मी, प्लीज. जिथं आहेस तिथंच थांब."

तिनं फोन परत केला. बाईला कमान दाखवली, दोन बोटं हवेत चालवून दाखवली. बाई हसली. तिनं फोनवर नकाशा काढला, बोटानं वाट दाखवली: रुळांखालून पलीकडं, मक्यातला डांबरी पाणंद रस्ता, मग ओढा, ओढ्याच्या कडेनं डावीकडं. शेवटी सहाचा आकडा. सहा किलोमीटर. जाताना सायकलच्या टोपलीतली पाण्याची बाटली तिनं मुमताजच्या हातात कोंबली आणि घंटी वाजवत निघून गेली.

पहिला अर्धा किलोमीटर पाय परक्यासारखे पडत होते. मग ते आपोआप लयीला लागले, आणि मुमताजला जाणवलं की गेल्या वीस दिवसांत ती एकदाही नीट चालली नव्हती. गाडीत बस, लिफ्टनं ये, अम्मी सांभाळून, अम्मी इथं पायरी आहे. आंदर मावळात शाळेवर रुजू झाली तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. एसटी पावसाळ्यात टाकव्याच्या पुढं यायचं नावच घ्यायची नाही. तिथून सात किलोमीटर, मधे एक खिंड, दोन ओढे, भाताच्या खाचरांचे निसरडे बांध. पहिल्या दिवशी शाळेत पोचली तेव्हा शाळेचं पाणी भरणाऱ्या रतनबाईनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं होतं. "बाई, तुमी शेरातल्या. लय दिस टिकायच्या न्हाई हितं." आठवड्यानं रतनबाईनंच तिला बांधावर पाय आडवा टाकायला शिकवलं, ओढा ओलांडताना काठी वरच्या अंगाला रोवायला शिकवलं. कधी कुणी विचारलं नाही, ही मुसलमानाची पोर इथं एकटी कशी चालते. बाई चालतात, एवढंच. अकरा वर्षं चालली ती त्या वाटेनं. नंतर रस्ता झाला, मग तिची बदली झाली. त्या अकरा वर्षांत तिच्या डोक्यात जेवढे विचार पूर्ण झाले, तेवढे नंतर कधी झाले नाहीत. विचाराला पाय लागतात, हे तिला आता, मक्याच्या दोन हिरव्या भिंतींमधून जाताना, पुन्हा कळत होतं.

जिथं आहेस तिथंच थांब. वाक्य तिचंच होतं. फरदीन लहानपणी ते तिच्याकडूनच शिकला होता. दर सहलीच्या आधी पोरांना रांगेत उभं करून ती म्हणायची, "चुकलात तर हलायचं नाही. जिथं आहात तिथंच थांबायचं. बाई शोधायला येतील." आणि एका डिसेंबरात, लोहगडाच्या सहलीला, तिसरीतली यशोधरा चुकली होती. खाली लोहगडवाडीत टेम्पोपाशी मुमताजनं डोकी मोजली. सव्वीस भरली. एका पोरानं गुपचूप धाकट्या भावाला आणलंय आणि त्यामुळं सव्वीस भरताहेत, हे कामशेत गाठेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. टेम्पो परत फिरवला. ऊन कलतीला लागलं होतं, वर धुकं उतरत होतं, पायऱ्या चढताना तिला स्वतःचा श्वास कुणा दुसऱ्याचा वाटत होता. हनुमान दरवाजाशी, पायरीच्या कडेला, यशोधरा बसली होती. पायात काटा मोडला म्हणून बसली, वर पाहिलं तर सगळे गेलेले. खालचा ताक विकणारा दोनदा वर येऊन गेला होता. चल पोरी, खाली बस, चहा घे. ती हलली नव्हती. "बाईंनी सांगितलंय," ती कुडकुडत म्हणाली, "हितंच थांबायचं म्हून." रडली नव्हती ती. मुमताजच रडली होती, तिला कवेत घेऊन. मुख्याध्यापकांनी, गावानं, पोरीच्या आईबापांनी सगळ्यांनी यशोधरेचंच कौतुक केलं. पोर किती शहाणी, सांगितलेलं ऐकलं. त्या कौतुकानं मुमताजला बरं वाटायला हवं होतं. पण घरी आल्यावर ती रियाजला म्हणाली होती, "पन्नास पावलांवर शेकोटी होती. पोर तीन तास दगडावर बसली. माझ्या शब्दाखातर." रियाज म्हणाला होता, "सापडली ना?" आणि दिवा मालवला होता.

सापडली. तिथंच तर गोम होती. मुमताज थांबली, बाटलीतलं पाणी प्यायली. थांबणाऱ्याला थांबण्यानं काही मिळत नाही. शोधणाऱ्याला सोपं जातं. लेकरांसाठी ते ठीकच आहे, नियम चुकीचा नव्हता. पण ती काय तिसरीत होती? तीन वर्षं ती दगडावर बसल्यासारखी बसली होती. संध्याकाळी सातला फोन येतो, म्हणून सातला घरात. फोनवर फरदीनला मागची भिंत, कपाट, रियाजचा फोटो सगळं जागच्या जागी दिसावं, म्हणून त्याच खुर्चीत. मैत्रिणींबरोबर औरंगाबादला जायचं राहिलं, अंगणात खोली काढून मुलींचे वर्ग घ्यायचे राहिले. बारावीच्या सात-आठ पोरी अजूनही दुपारी स्वयंपाकघरात दाटीनं बसून निबंध लिहायच्या. का राहिलं? कुणी अडवलं होतं? कुणी नाही. लेकाला आई सापडायला हवी, एवढंच. आणि आपण सापडत राहिलो की त्याचं मन तिकडं निश्चिंत राहील, हा हिशेब तिनं त्याला न विचारताच मांडला होता. तिला एकाएकी फार मोकळं वाटलं आणि लगेच थोडी लाजही वाटली. एवढं कळायला विमानानं सात समुद्र ओलांडून मक्यात यावं लागलं.

कापलेल्या गवताच्या एका शेतात करकोचे चालत होते, पाचसहा, लांब लाल पायांचे, नांगरामागं बगळे चालावेत तसे, मान पुढंमागं करत. मुमताज त्यांच्या बाजूनं गेली तरी उडाले नाहीत. टाच दुखायला लागली होती. तिनं बूट काढून मोजा सरळ केला, पुन्हा घातला. ओढा आला, ओढा कसला, सिमेंटच्या काठाचा कालवा. डावीकडं वळली. पाळण्याची कमान आता एवढी जवळ आली होती की तिच्यावरून कोसळणाऱ्या माणसांच्या किंकाळ्या वाऱ्यावर तुकड्यातुकड्यांनी ऐकू येत होत्या. मनात तिनं गॅसचा विषयही काढला. आता काढायला हरकत नव्हती. राहिला होता. विसरले होते. पुन्हा विसरेनही. एकसष्टावं वर्ष आहे. त्यासाठी आपोआप बंद होणारी शेगडी मिळते. पण त्यासाठी आख्खं आयुष्य बंद करायचं, हे कुठलं गणित?

समोरून कुणीतरी येत होतं. उन्हात आधी फक्त एक काळी रेघ, मग पांढरा शर्ट, मग ती चाल. डावा खांदा जरा खाली टाकून, रियाजसारखी. फरदीन जवळजवळ पळत होता. पाच पावलांवर येऊन तो थांबला. घामानं चेहरा निथळत होता, केस कपाळाला चिकटले होते.

"अम्मी," तो म्हणाला आणि बाहीनं कपाळ पुसलं.

"रुबीना, अम्मारा कुठं आहेत?"

"आत. रांगेत. अम्मारा म्हणाली, दादी बाय करून गेली." तो हसायला गेला, पण चेहरा भलताच झाला. "काही झालं असतं तर? ऊन किती आहे. कुणाला भाषा येत नाही आपली. मी सांगितलं होतं ना, हलू नको."

"सांगितलं होतंस. मी हलले." मुमताजनं बाटली त्याच्या हातात दिली. "आधी पाणी पी. मग ऐक. मी बारा तारखेच्या विमानानं घरी जाणार आहे. घर भाड्यानं द्यायचं नाही. गॅस माझ्या हातून राहिला होता, खरं आहे. शेगडी बदलेन. सातच्या फोनला कधी असेन, कधी नसेन. नसले तर घाबरायचं नाही, बाहेर गेले असेन."

तिला वाटलं, आता तो वाद घालेल. आराखडा काढेल, डॉक्टर काढेल. वाद घालायची तयारी करूनच ती शेवटचे दोन किलोमीटर चालली होती. पण फरदीन पाणी प्यायला, बाटलीचं झाकण लावायला त्याला फार वेळ लागला, आणि मग रस्त्याच्या कडेच्या चेरीच्या झाडाखाली तो मटकन बसला. इस्त्रीच्या पँटनं, गवतात. अडतीस वर्षांचा माणूस.

"तुला सांभाळायचं म्हणून नको होतीस तू मला," तो खाली बघत म्हणाला. "म्हणजे, ते पण. पण तेवढंच नाही."

"मग?"

"घरात हिंदी. रुबीनाच्या माहेरी भोपाळला हिंदी, तेच घरात. ऑफिसात इंग्लिश, जर्मन. अम्मारा आता झोपेत जर्मन बडबडते." तो थांबला. झाडाखाली पडलेली एक फुटकी चेरी त्यानं बोटानं ढकलली. "तू आल्यापासून वीस दिवस मी मराठीत बोलतोय. परवा ऑफिसात एकाला 'अरे थांब की' म्हणालो, त्याला काही कळलंच नाही. तू गेलीस की मला मराठीत रागावणारंसुद्धा कुणी नाही, अम्मी. अब्बा गेल्यापासून कुणी नाही."

इतके दिवस मुमताज त्याच्या प्रत्येक वाक्यात स्वतःचं म्हातारपण शोधत होती. त्यानं जिन्यात हात धरला की तिला वाटायचं, हा मला दुबळी समजतो. त्याला तो हात हवा होता म्हणून धरला असेल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. वर्गात चाळीस पोरांमधलं मागच्या बाकावरचं गप्प पोर तिला बरोबर दिसायचं, आणि हे घरातलं दिसलं नव्हतं. क्षणभर, एकच क्षण, बारा तारीख डळमळली. राहावं का? मग तिला कळलं की राहिलं तर आज त्याला बरं वाटेल, आणि त्याचं एकटेपण तिच्या खोलीत, तिच्या खुर्चीत बसून राहील, ती असेपर्यंत. त्यानंतर काय?

ती त्याच्याशेजारी गवतात बसली नाही. समोर उभी राहिली आणि पदर खोचावा तशी ओढणी कमरेला खोचली.

"ऊठ," ती म्हणाली. "नवी पँट आहे ना ती? गवताचे डाग निघत नाहीत, एवढंही कळत नाही? ऊठ आधी."

फरदीननं चमकून वर पाहिलं. उठला. पँट झटकली.

"आणि मराठी काय माझ्या बॅगेत भरून येते का रे? मी गेले की विमानानं परत जाते? पोरीशी मराठीत बोलायला तुला कुणी बंदी केलीय? तुझ्या तोंडात जीभ नाही? सात वर्षं काय करत होतास? रुबीनाला भोपाळहून आणलीस, तिला चार शब्द शिकवले असतेस तर हात झडले असते? ती शिकली असती. हुशार आहे ती, तुझ्यापेक्षा." ती चालायला लागली होती, आणि तो मान खाली घालून तिच्या जोडीनं. "पुढच्या उन्हाळ्याची सगळी सुट्टी अम्मारा माझ्याकडं. आठ दिवस नाही, सगळी. स्वयंपाकघरात पोरींबरोबर बसेल, चिखलात पडेल, महिन्याभरात भांडायला लागेल मराठीत. आणि तू पण यायचंस. रजा शिल्लक नाही, हे मला सांगू नको. तुझ्या मामाला फोन कधी केलास शेवटचा? बोल ना. आठवत नाही? मामीचं ऑपरेशन झालं, माहीत तरी आहे? घरात बोलायला कुणी नाही म्हणे. हातात एवढा मोठा फोन आहे."

बोलता बोलता तिचा आवाज वर्गातला झाला होता, मोठा, स्वच्छ, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. सायकलवरून जाणारं एक जोडपं वळून बघत गेलं. फरदीनचे खांदे हलत होते. आधी तिला वाटलं, तो रडतोय. होताही. पण मग त्याच्या नाकातून हसण्याचा आवाज फुटला, लहानपणी मार खाताना मधेच फुटायचा तसा, आणि त्यामुळं तेव्हा मार वाढायचा. पार्कचं फाटक दिसायला लागलं होतं; रंगीत झेंडे, फुगे, आणि हजार माणसांची गजबज.

"आणखी?" तो डोळे पुसत म्हणाला.

"आणखी काय आणखी?" मुमताज म्हणाली. "आत्ता कुठं सुरुवात केलीय मी."